एम-सतरा नंबरचा चौकोन

सकाळी आठ वाजता मी खड्ड्याच्या तळाशी उभी होते आणि तिप्पाण्णा मुकादम देवीला उठवायची तयारी करत होता. दहा वाजता तिथे पहिलं काँक्रीट पडणार होतं. वर कठड्यापाशी मांडव घातलेला, झेंडूच्या माळा, दिल्लीहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी पांढऱ्या कव्हरांच्या खुर्च्या. आणि खाली साठ फूट खोल, काळ्या कातळावर, आम्ही दोघंच.

मी खाली कशाला उतरले ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळे मांडवाच्या गडबडीत होते. तिप्पाण्णाने माझ्याकडे एकदा बघितलं, नारळाची शेंडी सोलायला घेतली आणि म्हणाला, "बाई, जरा थांबा. एवढं झालं की तुमाला वाट मोकळी."

मला वाट मोकळी नको होती. मला फक्त त्या देवीखालचा खडक एकदा बघायचा होता.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची, अणुवीज प्रकल्पांना परवानग्या देणाऱ्या नियामक कार्यालयात भूशास्त्रज्ञ होते. असं केंद्र एका परवानगीवर उभं राहत नाही. जागेची वेगळी, खोदाईची वेगळी, पायाची वेगळी, इंधन भरायची वेगळी. दर टप्प्याला काम थांबतं, आम्ही येतो, बघतो, शंका काढतो, समाधान झालं तर सही करतो, आणि मग गाडं पुढे सरकतं. प्रकल्पवाल्यांच्या लेखी आम्ही म्हणजे ऐन लग्नात रुसून बसलेले व्याही.

पायाचा खडक बघायचं काम माझ्याकडे होतं. त्याला महत्त्व अशासाठी की एकदा काँक्रीट पडलं की तो खडक पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. त्यात कुठे भेग आहे, कुठे तो कधीकाळी सरकलेला आहे का, हे त्याच्या आधीच काय ते बघून ठेवायचं. कोकणात समुद्रकाठच्या आडशेत गावी खणलेल्या त्या खड्ड्याचा तळ हवेच्या झोताने झाडून, पाण्याने धुऊन, त्यावर चुन्याच्या रेघांनी दोन-दोन मीटरचे सहाशे चोवीस चौकोन आखले होते. प्रत्येक चौकोनाचं चित्र हाताने काढायचं आणि नंबराची पाटी ठेवून त्याचा फोटो घ्यायचा. प्रकल्पाचा भूशास्त्रज्ञ त्याचा नकाशा काढायचा, मी माझा. एकमेकांना दाखवायचं नाही. शेवटी दोन्ही नकाशे शेजारी ठेवायचे, जुळले तर खरे. ही आमचे वरिष्ठ, तांबवेकर सर, यांची पद्धत होती आणि तिचा आम्हा सगळ्यांना फार अभिमान होता.

सहाशे तेवीस चौकोन मी इमानाने काढले. गुडघे सोलवटून निघाले, मानेची कातडी भाजली. एम-सतरा मात्र काढला नाही, कारण तिथे देवी बसली होती. शेंदूर फासलेला हातभर उंचीचा दगड, खाली रचलेला चौथरा, भोवती पणत्या, सुकलेली फुलं, वर पत्र्याचा आडोसा. ती खोदाई करणाऱ्या वडार कामगारांची देवी होती. खड्डा जसजसा खोल जाई तसतशी तीही खाली उतरत आली होती. तिला हलवायचं ते फक्त तिप्पाण्णाने, आणि माझ्या कामाच्या शेवटच्या दिवशी तो भाचीच्या लग्नाला अक्कलकोटकडे गेलेला.

त्याची वाट बघता आली असती. दोन दिवसांचा प्रश्न होता. पण सोमवारी अहवाल द्यायचा होता आणि वर जीप हॉर्न वाजवत होती. एम-सोळामधून केसाएवढी एक भेग देवीच्या दिशेने जात होती आणि पलीकडे एम-अठरामध्ये तशीच बाहेर पडत होती. मी मधली रेघ पट्टीने जोडून टाकली. फोटोसाठी पाटीवर एम-सतरा लिहिलं, पाटी एम-सोळात ठेवली आणि उलट्या बाजूने फोटो घेतला. सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. देवाच्या जागेला हात कशाला लावा, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला ती जीप गाठायची होती.

पुढे समितीच्या बैठकीत दोन्ही नकाशे टेबलावर अंथरले गेले. एम-सतरामध्ये प्रकल्पाच्या माणसानेही तीच सरळ रेघ काढलेली होती. सर खूश झाले. म्हणाले, दोन माणसांनी न बोलता तेच काढलं, म्हणजे खडकच बोलला. मला हायसं वाटलं. त्याने देवी हलवून बघितलं असणार, माझी रेघ खरी निघाली, सुटले.

पण ते सुटणं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. त्याने खरंच बघितलं असेल का, हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. घरी बोलताना शब्द अर्धवट सुटायचे. भाजीला मीठ दोनदा पडायचं. ऑफिसात कुणी नुसतं "खटावकर" म्हणून हाक मारली तरी छातीत धस्स व्हायचं. त्याला फोन करून विचारावं म्हटलं, तर मी का विचारतेय हे सांगावं लागलं असतं. असे तीन आठवडे काढले आणि काँक्रीटच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी खाली उतरले. खडक माझ्या रेघेसारखा निघाला की हा विषय जन्मभर कुणाकडे काढायचा नाही, असं ठरवूनच.

तिप्पाण्णाने नारळ फोडला, पाणी दगडावर सोडलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो तसाच मुठीत धरून शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "प्रकल्पाच्या त्या साहेबांनी हिला हलवायला लावलं होतं ना, मागे?"

"कुणी न्हाई. ते लांबनंच फिरलं." देवीच्या अंगावरचा पत्रा काढत तो म्हणाला, "तुमीबी लांबनंच फिरला की."

म्हणजे दोन नकाशे जुळले होते ते खडक बोलला म्हणून नव्हे. आम्ही दोघांनी एकच लबाडी केली होती, एवढंच.

त्याने देवीला धोतराच्या पानात गुंडाळून बाजूला टेकवलं. मग चौथऱ्याचे दगड एकेक उचलले. खाली ओल होती. पूजेच्या तांब्यातलं उरलेलं पाणी मी ओतलं आणि हाताने चिखल सारला. केसाएवढी भेग तिथे चार बोटं रुंद झाली होती. आत तांबूस, तुळतुळीत माती भरलेली. चाकूने ती थोडी उकरली तर आतली खडकाची कड गुळगुळीत लागली, आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे होते. आमच्या धंद्यात असे ओरखडे म्हणजे एक खडक दुसऱ्यावर घासत सरकल्याची खूण. काल सरकला की वीस लाख वर्षांपूर्वी, ते नुसतं बघून कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय त्यावर अणुभट्टीचा पाया घालायचा नसतो.

"हितं सुटलाय खडक," तिप्पाण्णा उकिडवा बसत म्हणाला. "भोक पाडताना गज लोन्यात जावा तसा गेला. सुरुंग भलतीकडंच फुटला. माज्या भाच्याची दोन बोटं गेली. म्हून तर आईला हितं आनून बसवली."

"म्हणजे ती मुद्दाम याच जागी?"

"आमच्यात तसंच आसतंय, बाई. खडक जिथं दगा देतो तिथं ती बसती. मंग तिथं कुनी पहार घालत न्हाई, कुनी बसून भाकर खात न्हाई. देवबी हाय आन् पाटीबी हाय."

मी त्याला विचारलं, मला का नाही सांगितलं. माझा आवाज चढला होता. त्याला त्यात राग दिसला असेल, पण तो राग त्याच्यावरचा नव्हता.

"तुमी इचारलं न्हाई." तो शांतपणे म्हणाला. "मला वाटलं, ह्ये चुन्यानं चौकोन आखत्यात, दोन दोन मानसं येगयेगळी लिवत्यात. म्हंजी ह्येंनी बघितलंच आसंल."

वर कुठेतरी काँक्रीट बनवायचं यंत्र घरघरायला लागलं. येळ्ळूरकरांनी, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य अभियंत्यांनी, सरांची शेवटची सही व्हायची होती ती गृहीत धरून काम सुरू केलं होतं. खड्ड्यातून वर यायला एकशे बारा पायऱ्या होत्या. मी त्या चढत होते आणि माझ्या मनाने मला पळवाट शोधूनही दिली. आत्ता धुताना हे उघडं पडलं, एवढंच सांगायचं. काम थांबेल, पाया वाचेल, आणि माझा फोटो, माझी रेघ याबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही. मला ते इतकं पटलं की शेवटच्या वीस पायऱ्या मी जवळजवळ धावत चढले.

तांबवेकर सर मांडवाच्या कडेला, कॅनव्हासचे बूट घालून, फाइल काखेत धरून उभे होते. महिन्याभरात निवृत्त होणार होते. मी म्हटलं, "सर, एम-सतरामध्ये काहीतरी उघडं पडलंय. आत्ता धुतल्यावर." त्यांनी काही न विचारता पायऱ्या उतरायला सुरुवात केली. येळ्ळूरकर त्यांच्या मागोमाग निघाले.

सर भेगेपाशी गुडघ्यावर बसले. बोटाने माती दाबली, भिंग काढून ओरखडे बघितले. फार वेळ बघत राहिले. येळ्ळूरकर घड्याळ बघत होते. ते वाईट गृहस्थ नव्हते. दोन वर्षं त्या माणसाने आडशेतच्या उन्हात काढली होती, आणि वर मिक्सरच्या गाड्या पोटं फिरवत रांगेत उभ्या होत्या. तयार काँक्रीट दीड-दोन तासांपलीकडे थांबत नाही.

"सर, मला एक सांगा," ते म्हणाले. "आमच्या नकाशात इथे केसाएवढी भेग आहे. तुमच्याही नकाशात तीच आहे. तुमच्याकडे फोटो आहे, त्यात स्वच्छ कातळ दिसतो. दोन स्वतंत्र माणसांनी, स्वतंत्रपणे. ही तुमचीच पद्धत. मग महिन्याभरात चार बोटं भेग कुठून आली? चौथऱ्याखाली पाणी मुरून चिखल साठलाय, दुसरं काय. कोपरा तेवढा उकरून साफ करतो आणि काँक्रीट घालतो."

सरांनी फाइल उघडली. माझा फोटो काढला, भेगेच्या शेजारी धरला. फोटोतला कातळ खरोखरच स्वच्छ होता. ते कधी फोटोकडे बघत, कधी जमिनीकडे. मला त्यांचा चेहरा स्पष्ट वाचता येत होता. डोळ्यांना दिसत होतं ते एक सांगत होतं आणि त्यांची सगळ्या हयातीची शिस्त दुसरं सांगत होती. मी शोधलेली पळवाट तिथेच बुजली. माझी खोटी रेघ आता नुसती खोटी राहिली नव्हती, ती खऱ्याच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभी होती.

"खटावकर," सर म्हणाले, "तुम्ही इथे बसून काढलंय ना? तेव्हा असं काही नव्हतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं ते मला आजही आठवतं. मान नुसती हलवायची होती. तिप्पाण्णा चार हातांवर देवीला सांभाळत उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

"सर, तो फोटो एम-सोळाचा आहे."

येळ्ळूरकरांनी घड्याळावरची नजर उचलली.

"पाटी एम-सतराची आहे, खडक एम-सोळाचा. मी इथे बसलेच नव्हते. देवी होती म्हणून मी अंदाजाने रेघ जोडली. यांच्या माणसानेही तेच केलंय. तिप्पाण्णाला विचारा."

येळ्ळूरकरांनी वर बघून त्यांच्या भूशास्त्रज्ञाला हाक मारली. तो कठड्यापाशी आला, खाली वाकला, आम्ही कुठे उभे आहोत ते त्याने पाहिलं आणि मागे सरला. त्याचं उत्तर सगळ्यांना मिळालं.

सरांनी सहीसाठी काढलेल्या पेनाचं टोपण लावलं, पेन खिशात अडकवलं. "गाड्या परत पाठवा," ते येळ्ळूरकरांना म्हणाले. येळ्ळूरकरांनी पाहुण्यांचं काय, असं विचारलं. सर म्हणाले, त्यांना चहा पाजा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "एम-सतराचंच काय घेऊन बसलात. मला आता या सहाशे चोवीसपैकी एकही चौकोन ठाऊक नाही."

त्या एका वाक्याने मी जेवढी मोडले तेवढी कुणाच्या शिव्यांनी मोडले नसते.

पाहुण्यांना रत्नागिरीहूनच परत फिरवलं. मिक्सरमधलं काँक्रीट कामगार वसाहतीच्या रस्त्यावर ओतलं, तो रस्ता अजून टिकून आहे म्हणतात. दुसऱ्या कार्यालयातली माणसं बोलावून सगळे चौकोन पहिल्यापासून काढले, त्याला सात आठवडे लागले. भेगेवर चर खणला, मातीचे नमुने तीन ठिकाणी पाठवले. भेग फार जुनी निघाली, लाखो वर्षं निपचित पडलेली. ती खोलवर उकरून भरून घेतली आणि पाच महिन्यांनी पाया पडला. आज तिथे वीज होते. म्हणजे तसं बघायला गेलं तर आभाळ कोसळणार नव्हतं. मला हे पुष्कळ जणांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, आणि मला दर वेळी त्यांचा रागच आला. कारण त्या सकाळी दहा वाजता हे कुणालाच माहीत नव्हतं. मला खड्ड्याच्या कामावरून काढून अभिलेख कक्षात बसवलं. पुढे सहा वर्षं मी खडकाला हात लावला नाही.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्याच दिवसाची दुपार. विश्रामगृहाच्या व्हरांड्यात सर आणि मी समोरासमोर बसलो होतो. ताटं आली आणि तशीच परत गेली. सरांनी एम-सतराचा कागद फाइलमधून काढला. मला वाटलं, फाडतील. त्यांनी त्यावर "रद्द" असा शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"आपल्याकडे काही फाडायचं नसतं," ते म्हणाले. "खाली रकाना आहे, रद्द करण्याचं कारण. लिहा."

मी विचारलं, हा कागद किती दिवस राहील. केंद्र मोडीत निघेपर्यंत, ते म्हणाले. साठ वर्षं चालेल, वीस वर्षं मोडायला लागतील. मी मनात हिशेब केला. मी असणार नव्हते. माझं नाव असणार होतं.

मी लिहिलं, "श्रमिकांच्या धार्मिक भावनांचा आदर राखून सदर चौकोनाची पाहणी करण्यात आली नाही." सरांनी वाचलं आणि कागद परत माझ्याकडे ढकलला. म्हणाले, हे तुम्ही देवीवर ढकललंय. मी ते खोडून लिहिलं, "सदर चौकोन पाहणीसाठी उपलब्ध नव्हता."

"तुम्हाला कुणी अडवलं होतं?"

"नाही."

"मग होता की उपलब्ध."

मला रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा संतापही आला. समोर हा शांत माणूस, खाली समुद्राचा एकसारखा आवाज, आणि त्या इवल्याशा रकान्यात बसेल असं माझ्याकडे एकच वाक्य उरलेलं. ते मी लिहिलं. "मी दगड उचलून पाहिलं नाही, आणि मुकादमाला विचारलं नाही." खाली सही केली, तारीख घातली. अक्षर शाळेतल्या मुलीसारखं आलं होतं.

सरांनी कागद घेतला. मला वाटलं, आता फाइल बंद होईल आणि मला जाता येईल. पण ते कागदाकडे बघतच बसले.

"मागच्या आठवड्यात मी शेवटच्या पाहणीला उतरलो होतो ना," ते म्हणाले, "तेव्हा त्या देवीपुढे बूट काढून नमस्कार केला. मग तिला वळसा घालून पुढे गेलो. तिप्पाण्णा शेजारीच उभा होता."

त्यांनी खिशातून पेन काढलं. माझ्या सहीखाली रकान्यात जागा उरली नव्हती, म्हणून समासात, अगदी बारीक अक्षरात, त्यांनी लिहिलं, "मीही नाही." आणि त्याखाली आपली पूर्ण सही केली.